स्वस्त बँडसॉला शिस्त लावताना

नवा लहान बँडसॉ घरी यावा, खोक्यातून काढून मेजावर ठेवावा, सागवानाची एखादी फळी चिरण्यासाठी पुढे सरकवावी आणि पात्याने पेन्सिलीची रेघ सोडून भलतीच वाट धरावी, हा अनुभव हौशी सुतारकाम करणाऱ्या अनेकांच्या वाट्याला येतो. फळीच्या वरच्या अंगाने काप ठीक दिसतो, खालच्या अंगाने तो चार मिलिमीटर सरकलेला असतो आणि मधे पोट सुटलेले असते. यंत्राची थरथर तर अशी, की खालच्या मजल्यावरून विचारणा व्हावी. मग ‘स्वस्त ते स्वस्तच’ असा निष्कर्ष निघतो आणि यंत्र माळ्यावर जाते, किंवा निम्म्या किमतीला विकले जाते.

या निष्कर्षात अर्धेच तथ्य आहे. मोठ्या यंत्राच्या तुलनेत लहान बँडसॉ स्वस्त पडतो तो दोन प्रकारच्या काटकसरीमुळे. पहिली काटकसर सांगाड्याच्या धातूत, मोटारीत आणि चाकांच्या आकारात केलेली असते. ती विकत घेणाऱ्याला भरून काढता येत नाही. दुसरी काटकसर कारखान्यातील माणसाच्या वेळेत केलेली असते. चाके एका रेषेत आणणे, टेबल काटकोनात बसवणे, चांगले पाते चढवून चाचणी घेणे ही कामे महागड्या यंत्रावर बऱ्याच अंशी कारखान्यात होतात. स्वस्त यंत्रावर ती घेणाऱ्यासाठी सोडून दिलेली असतात, पण तसे खोक्यावर कोणी लिहीत नाही. ही दुसरी काटकसर दोन-तीन संध्याकाळच्या कष्टात भरून निघू शकते.

बँडसॉ म्हणजे पट्टा-करवत. एक वर, एक खाली अशी दोन चाके, त्यांवरून फिरणारे पोलादी पात्याचे अखंड कडे आणि मधे लाकूड टेकवण्यासाठी टेबल, इतकीच तिची मूळ रचना. लाकूडबाजारातील गिरणीत ओंडके फाडणारे अवाढव्य धूड आणि गॅलरीतील मेजावर मावणारे नऊ-दहा इंची यंत्र यांचे तत्त्व एकच. विल्यम न्यूबेरी यांना १८०९ मध्ये इंग्लंडमध्ये या कल्पनेचे पेटंट मिळाले होते. तरीही पुढची जवळजवळ चार दशके ती फारशी उपयोगात आली नाही. सतत वाकूनही न तुटणारे पाते आणि त्याची दोन टोके पक्की जोडण्याची रीत, या दोन गोष्टींवर घोडे अडले होते. फ्रान्समधील आन पोलीन क्रेपँ या महिलेने १८४६ मध्ये जोडणीच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि त्यानंतर यंत्र खऱ्या अर्थाने कामाला लागले. अडचण यंत्रात नसून पात्यात होती. आजच्या नऊ इंची बँडसॉच्या बाबतीतही बहुतेक वेळा तेच दिसते.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. गोल पात्याची करवत सरळ कापासाठी अधिक वेगवान असते, हे खरे. परंतु तिचे पाते साधारण तीन मिलिमीटर लाकडाचा भुसा करते, तर बँडसॉचा काप जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. ७५ मिलिमीटर जाडीच्या सागवानी तुकड्यातून सहा मिलिमीटरच्या पट्ट्या काढायच्या, तर रंध्याची छिलाई सोडून गोल करवतीवर आठ निघतात आणि बँडसॉवर दहा. सागवानाचे भाव ठाऊक असणाऱ्याला या दोन पट्ट्यांचे मोल सांगावे लागत नाही. दुसरे कारण सुरक्षेचे. गोल करवतीत अडकलेले लाकूड माणसाच्या अंगावर झेपावू शकते. बँडसॉचे पाते वरून खाली जात असल्याने लाकूड टेबलावर दाबले जाते. वळणदार काप तर बँडसॉखेरीज इतक्या सहजतेने होत नाहीत.

आधी पाते बदला

यंत्रासोबत आलेले पाते हे यंत्र चालते एवढे दाखवण्यापुरतेच असते, असे मानून चालावे. त्याचे दात बहुधा फार बारीक असतात, जोड ओबडधोबड असतो आणि दातांची डावी-उजवी वाकवण सारखी नसते. या पात्यावर यंत्राची पारख करणे अन्यायाचे आहे. पाते बदलताच निम्म्या तक्रारी नाहीशा होतात. म्हणून बाकी काहीही उघडण्यापूर्वी खर्च करायचा तो यावर.

पाते निवडताना पहिला प्रश्न दातांचा. कापाच्या वेळी लाकडाच्या जाडीत कमीत कमी तीन दात असावेत आणि सहा ते बारा असले तर उत्तम, असा ठोकताळा आहे. तीन इंच जाडीच्या लाकडात इंचाला चौदा दातांचे पाते घातले, तर एकाच वेळी ४२ दात लाकडात राहतात. दोन दातांमधील खाचेत भुसा मावत नाही, तो तेथेच दाबला जातो, पाते तापते, वाट सोडते आणि लाकडावर काळे डाग पडतात. त्याच लाकडाला इंचाला चार दातांचे पाते लावले, तर बारा दात काम करतात आणि भुसा मोकळेपणाने खाली जातो. याउलट सहा मिलिमीटरच्या प्लायवूडला चार दातांचे पाते लावले, तर कडा फाटतात. एकाच पात्यावर सगळी कामे उरकण्याचा आग्रह सोडावा लागतो. जाड लाकूड चिरण्यासाठी एक आणि वळणांसाठी व पातळ कामासाठी एक, अशी दोन पाती घरगुती कामाला पुरतात.

दुसरा प्रश्न रुंदीचा. येथे बहुतेकांची फसगत होते. रुंद पाते सरळ जाते, हे ऐकलेले असते. त्यामुळे यंत्रावर जे मावेल ते सर्वांत रुंद, म्हणजे चार सुती अर्थात अर्धा इंची पाते चढवले जाते. पण रुंद पात्याला ताणही तितकाच मोठा लागतो. साध्या पोलादी पात्याला दर चौरस मिलिमीटरला साधारण दहा किलोचा ताण अपेक्षित धरला, तर ०.६ मिलिमीटर जाडीच्या अर्धा इंची पात्याच्या प्रत्येक बाजूला सुमारे ६० किलो ओढ हवी. वरच्या चाकाला दोन्ही बाजू पेलायच्या असल्याने त्याच्या आसावर १२० किलोचा भार येतो. तितकाच ताण पाव इंची पात्याला द्यायचा तर हाच भार ५५ किलोच्या आत राहतो. लहान यंत्राचा सांगाडा आणि स्प्रिंग पहिला भार पेलण्यासाठी बनवलेली नसते. सांगाडा वाकतो, ताण मिळतच नाही आणि सैल पडलेले रुंद पाते नीट ताणलेल्या अरुंद पात्यापेक्षा वाईट कापते. तीन सुती पाते, इंचाला चार ते सहा दात, ही नऊ-दहा इंची यंत्राची खरी धाव. मोठ्या यंत्रांची माहिती वाचून लहान यंत्रावर प्रयोग करणाऱ्यांनी हे विसरू नये.

तिसरा प्रश्न जाडीचा. तो फारसा कोणी विचारत नाही आणि दुकानदारही सांगत नाही. पाते चाकावरून जाताना वाकते आणि सुटताना सरळ होते. दीड मीटरच्या आसपास लांबीचे पाते मिनिटाला साडेसातशे मीटर वेगाने फिरत असेल, तर दोन चाकांवर मिळून ते मिनिटाला साडेनऊशेच्या वर वेळा वाकते. चाक जितके लहान आणि पाते जितके जाड, तितका या वाकण्याचा ताण अधिक. एकाच चाकावर ०.६ मिलिमीटरच्या पात्याला ०.३५ मिलिमीटरच्या पात्यापेक्षा सुमारे पावणेदोनपट ताण सोसावा लागतो. मोठ्या यंत्रासाठी असलेल्या जाड पट्ट्यातून कापून जोडलेले पाते लहान यंत्रावर थोड्याच दिवसांत तुटते, त्याचे कारण हे. जोडणाऱ्याचा त्यात नेहमीच दोष असतो असे नाही.

लहान यंत्रांची पाती तयार मिळतीलच असे नाही. मुंबईत रे रोड परिसर किंवा पुण्यात भवानी पेठेतील टिंबर मार्केट अशा ठिकाणी विचारपूस करता येते. तेव्हा लांबी अचूक सांगावी लागते. ताणाचा स्क्रू त्याच्या फेऱ्यांच्या मध्यावर ठेवून दोन चाकांच्या केंद्रांमधील अंतर मोजावे, त्याची दुप्पट करावी आणि त्यात चाकाच्या व्यासाची ३.१४ पट मिळवावी. जुने पाते असेल तर ते उलगडून मोजणे याहून सोपे.

उलट्या क्रमाचा घोळ

पाते वाकडे जाऊ लागले की बहुतेक जण टेबलाच्या वरचे ठोकळे घट्ट करायला धावतात. पात्याला दोन्ही बाजूंनी व मागून आधार देणारे हे ठोकळे किंवा बेअरिंग, म्हणजे गाइड, वरवर पाहता पाते सरळ ठेवण्यासाठीच असतात. प्रत्यक्षात त्यांचे काम लाकडाचा दाब आल्यावर सुरू होते. पाते चाकांवर आपोआप सरळ धावले पाहिजे. गाइडने त्याला ओढून सरळ करायचे नसते. त्यामुळे दुरुस्तीचा क्रम चाके, ताण, पात्याची जागा, गाइड, टेबल आणि शेवटी फेन्स असाच असावा. तो उलटा केला की एका चुकीवर दुसरी चूक झाकली जाते आणि महिनाभर खटपट करूनही काप सुधारत नाही.

यंत्राची वायर सॉकेटमधून काढावी, नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. पाते उतरवून चाके हाताने फिरवावीत. खरखर ऐकू आली तर बेअरिंग संशयास्पद समजावे. चाकांवरील रबरी टायर बारकाईने पाहावेत. त्यांवर भुसा आणि राळ यांचा थर चिकटून टेकाडे तयार होतात आणि पाते दर फेरीला उडी मारते. हा थर लाकडी चिपाटीने खरवडावा. टायरच्या मधोमध किंचित फुगवटा असतो. तो पात्याला चाकाच्या मध्याकडे आणतो, म्हणून तो घासून सपाट करण्याचा मोह टाळावा. टायर कडक पडून त्याला तडे गेले असतील, तर नवा बसवण्यावाचून इलाज नाही.

मग एक लांब, सरळ पट्टी दोन्ही चाकांच्या कडांना लावून ती एका प्रतलात आहेत का ते पाहायचे. ही तपासणी पाते चढवून व ताणून करावी, कारण ताणाखाली सांगाडा वाकतो आणि चाकांची जागा बदलते. एखादे चाक आत असेल तर त्याच्या आसावर पातळ वॉशर घालून ते बाहेर आणता येते. काही लहान यंत्रांत तशी सोय नसते. याबाबत जाणकारांत मतभेद आहेत. अमेरिकेतील मार्क डुगिन्स्के यांनी ‘बँड सॉ हँडबुक’ या पुस्तकात चाके एका प्रतलात असण्यावर भर दिला आहे. त्यांच्याच देशातील, बँडसॉच्या प्रात्यक्षिकांसाठी ओळखले जाणारे अ‍ॅलेक्स स्नॉडग्रास यांचा भर मात्र दातांमधील खाचेचा तळ वरच्या चाकाच्या मध्यावर येण्यावर आहे. स्वस्त यंत्राच्या मालकाने या वादात फार गुंतू नये. फरक दोन-तीन मिलिमीटरचा असेल आणि यंत्रात सोय असेल, तर वॉशर घालावेत. सोय नसेल, तर वरच्या चाकाचा तिरकेपणा बदलणारी मूठ फिरवून खाचेचा तळ मध्यावर आणावा. दुसरी पद्धत अरुंद पात्यांवर बहुधा समाधानकारक निकाल देते आणि तिला खर्चही नाही.

ताण किती द्यायचा, हे यंत्राच्या मागील मोजपट्टीवरून ठरवू नये. ती पट्टी स्प्रिंग किती दबली ते दाखवते आणि स्वस्त स्प्रिंग काही महिन्यांत मऊ पडते. वरचा गाइड सुमारे १५० मिलिमीटर उंच करावा, यंत्राची तेवढी उंची नसेल तर जमेल तितका, आणि पात्याच्या बाजूवर बोटाने बेताचा दाब द्यावा. दीडशे मिलिमीटरच्या मोकळ्या लांबीत पाते सुमारे सहा मिलिमीटर सरकत असेल तर ताण ठीक आहे. लांबी कमी असेल तर त्या मानाने कमी सरकावे. दुसरी एक चाचणी अशी, की गाइड पात्यापासून दूर करून, झाकणे बंद ठेवून यंत्र लाकडाविना चालवावे आणि ताण हळूहळू कमी करत जावा. पाते फडफडू लागले की तेथून ताण वाढवत न्यावा आणि फडफड थांबल्यावर आणखी पाव फेरी द्यावी. स्प्रिंगची वेटोळी एकमेकींना टेकली असतील, तर तिच्यात लवचिकपणा उरलेला नाही. जोडाचा उंचवटा चाकावरून जाताना बसणारा धक्का मग थेट पात्याला बसतो. अशा वेळी अधिक दणकट स्प्रिंग बसवणे ही स्वस्तातली चांगली सुधारणा ठरते. तिच्या जोरावर अर्धा इंची पाते ताणायला जाऊ नये. वरचे चाक धरणारा भाग ओतीव हलक्या धातूचा असतो आणि तो तुटला तर सुटा मिळणे कठीण.

काम संपल्यावर ताण सैल करण्याची सवय लावावी. आठवडाभर ताणलेले पाते टायरमध्ये खोबणी पाडते. टायर एका जागी चपटा झाला की पुढच्या वेळी यंत्र धडधडत सुरू होते.

आता गाइडकडे वळावे. वरचे आणि खालचे सगळे ठोकळे मागे घेऊन पाते मोकळे करावे. बाजूचे ठोकळे एका कागदाच्या जाडीइतके अंतर ठेवून बसवावेत आणि त्यांची पुढची कड दातांमधील खाचेच्या किंचित मागे राहील असे पाहावे. दात ठोकळ्याला घासले, तर पात्याची दोन्हीकडची वाकवण पहिल्याच मिनिटात नष्ट होते आणि नवे पाते वाया जाते. मागचे बेअरिंग पात्याच्या पाठीपासून अर्धा मिलिमीटरपेक्षा कमी अंतरावर असावे. ते पाते रिकामे फिरताना स्थिर राहावे आणि लाकडाचा दाब आल्यावरच फिरू लागावे. टेबलाखालचा गाइड दिसत नाही म्हणून तो विसरला जातो. कापाचे खालचे अंग वाकडे येण्यामागे पुष्कळदा तोच असतो.

यंत्रासोबत आलेले पोलादी ठोकळे पात्याला तापवतात. त्यांच्या जागी शिसवासारख्या घट्ट लाकडाचे, मेण चोळलेले तुकडे त्याच मापाचे करून बसवता येतात. ते झिजतात, पण त्यांना खर्च नाही आणि ते पात्याला चिकटवून बसवले तरी दातांची हानी होत नाही. बेअरिंगचे महागडे संच मिळतात, मात्र पाते आणि ताण ठीक नसताना त्यांवर पैसे घालणे म्हणजे गळक्या छताला रंग देणे.

काप वाचता आला पाहिजे

टेबल पात्याशी काटकोनात आहे का, ते गुण्या लावून तपासतात. गुण्या दातांना न टेकता पात्याच्या सपाट भागाला टेकवावा. याहून खात्रीची परीक्षा लाकडाच्या ठोकळ्याची. ठोकळ्यात वरून खालपर्यंत थोडा काप घ्यावा, यंत्र बंद करावे, ठोकळा उलटा करून पात्याच्या मागच्या बाजूने आणावा. पात्याची पाठ त्याच कापात अलगद शिरली, तर टेबल काटकोनात आहे. न शिरली, तर चूक दुप्पट होऊन दिसते.

त्यानंतरही काप बिघडत असेल, तर तो कसा बिघडला हे पाहून कारण ओळखता येते. पाते संपूर्ण कापभर एकाच बाजूला ओढ घेत असेल, पण कापाची भिंत सपाट असेल, तर दोष फेन्सच्या कोनाचा किंवा एका बाजूचे दात बोथट झाल्याचा. कापाला मधे पोट सुटत असेल, तर पाते लाकडात वाकते आहे. ताण कमी, दात बोथट किंवा फार बारीक, अथवा लाकूड पुढे लोटण्याची घाई, यांपैकी काहीतरी आहे. नवशिक्यांच्या बाबतीत शेवटचे कारण पहिले तपासावे. ठरावीक अंतराने आडव्या लाटा उमटत असतील, तर पात्याचा जोड, टायरवरील भुशाचे टेकाड किंवा मोटारीचा पट्टा पाहावा. खोक्यात महिनोन्महिने ताणलेल्या अवस्थेत राहिलेला पट्टा घडी घेतो आणि दर फेरीला ठोका देतो. तो बदलण्याचा खर्च किरकोळ आहे. थरथर किती कमी झाली, हे पाहण्याची जुनी युक्ती म्हणजे टेबलावर नाणे कडेवर उभे करणे. चालू यंत्रावर ते उभे राहिले, तर आणखी काही करण्याची गरज नाही.

पाते एका बाजूला ओढत असेल, तर फेन्स त्या ओढीशी जुळवून घ्यावी लागते. हातभर लांबीच्या फळीवर कडेला समांतर रेघ मारावी. फेन्स न लावता, रेघेवर नजर ठेवून फळी निम्म्यापर्यंत चिरावी. फळी न हलवता यंत्र बंद करावे आणि पाते थांबल्यावर फळीच्या कडेने टेबलावर पेन्सिलीची रेघ ओढावी. त्या पात्यासाठी फेन्सचा कोन तोच. पाते बदलले की कोन बदलू शकतो. लहान यंत्राची फेन्स बुटकी आणि डळमळीत असते, त्यामुळे तिच्या जागी सरळ, उंच फळी क्लॅम्पने आवळणे अधिक विश्वासाचे.

वळणांच्या कामात पात्याच्या रुंदीला मर्यादा असते. पाव इंची पाते साधारण १६ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळते, तीन सुतीला ३६ मिलिमीटर तरी लागतात आणि अर्धा इंचीला ६४. त्यापेक्षा आवळ वळण घेण्याचा हट्ट केला, तर पाते पिळवटते. पात्याच्या पाठीच्या टोकदार कडा तेलपाषाणाने किंचित गोल केल्या, तर वळण सुकर होते. मात्र चालू पात्यावर पाषाण टेकवला की ठिणग्या उडतात. आत साचलेल्या भुशाला आग लागू नये म्हणून यंत्र आधी पूर्ण साफ केलेले असावे.

भुशाचा प्रश्न फक्त स्वच्छतेचा नाही. खालच्या चाकाला स्पर्श करेल असा जुना बुटाचा ब्रश आत स्क्रूने बसवला, तर टायरवर थर साचत नाही. इतक्या कमी पैशांत होणारी दुसरी सुधारणा शोधूनही सापडणार नाही. हवेत उडणाऱ्या बारीक कणांसाठी व्हॅक्युम आणि नाकावर चांगला मास्क हवा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश माणसाला कर्करोग होण्यास कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केलेला आहे. बंद खोलीत काम करणाऱ्यांनी हे गांभीर्याने घ्यावे.

जे बदलत नाही

बँडसॉ गोल करवतीपेक्षा शांत दिसतो आणि त्यामुळेच बोटांना फसवतो. लाकूड संपत आले की ढकलणारा हात पात्याच्या रेषेत येतो. शेवटचे तीन-चार इंच काठीने ढकलावेत. वरचा गाइड लाकडाच्या पृष्ठभागापासून पाच-सहा मिलिमीटरवर आणावा, म्हणजे उघडे पाते कमीत कमी राहते आणि कापही सुधारतो. गोल दांडा नुसत्या हाताने धरून आडवा कापू नये. पाते त्याला झटक्यात फिरवते आणि बोटे आत ओढली जातात. त्यासाठी खाच पाडलेला ठोकळा वापरावा. हातमोजे घालून हे यंत्र चालवू नये. बटण बंद केल्यावरही पाते काही क्षण फिरत राहते आणि त्याचा आवाज तोवर जवळजवळ थांबलेला असतो.

परदेशातील नातेवाइकांकडून यंत्र आणवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अमेरिकेतील वीज ६० हर्ट्झची आहे आणि आपली ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. त्यामुळे इंडक्शन मोटार येथे सुमारे एक षष्ठांश हळू फिरते आणि अधिक तापते.

लाकडानुसारही अपेक्षा बदलाव्या लागतात. सागवानात सिलिका असते आणि ती साध्या पोलादी पात्याची धार लवकर घालवते. बाभळीसारखे घट्ट लाकूड लहान मोटारीला दमवते. पाव ते अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटारीवर तीन इंच उंचीचे कोरडे सागवान चिरता येते, पण फूटभर लांबीला मिनिट-दीड मिनिट लागले तर त्यात वावगे काही नाही. मोटारीचा आवाज खाली जाऊ लागला की हात सैल सोडावा. नऊ इंची यंत्राच्या माहितीपत्रकात ९० मिलिमीटर उंचीचा काप लिहिलेला असतो. तो होतो, परंतु रोजच्या कामासाठी त्याच्या दोन तृतीयांशच उंची धरून बेत आखावा.

छंदाचे रूपांतर धंद्यात करण्याचा विचार असेल, तर कायद्याची बाजूही पाहावी लागते. लाकूड चिरणाऱ्या गिरण्यांना वन विभागाचा परवाना लागतो आणि लाकूड उद्योगांविषयीच्या २०१६ मधील केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत बँडसॉचा उल्लेख नावानिशी आहे. व्यवसायासाठी यंत्र बसवण्यापूर्वी वन विभागाच्या स्थानिक कार्यालयात लेखी विचारणा केलेली बरी. आणि ज्यांच्याकडे मोठा ओंडका आहे, त्यांनी तो लहान यंत्राच्या टेबलावर चढवण्याची कसरत न करता परवानाधारक गिरणीत नेऊन दोन-तीन इंची फळ्यांत फाडून आणावा. फळ्या सावलीत, मधे पट्ट्या घालून, नीट वाळू द्याव्यात. त्यापुढचे काम घरच्या बँडसॉचे.